तोंडात धरलेला घोट

माझी सासू ढोंग करते हे मला एक्स-रेच्या पडद्यावर सिद्ध करून दाखवायचं होतं. तिला बरं करायला मी पालघरला नेलंच नव्हतं. चारचौघांत तिला खोटं पाडायला नेलं होतं. हे पहिल्यांदाच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कुणाला माझी दया यायला नको.

माझं सासर तारापूरच्या बाजूचं, किनाऱ्यावरचं मच्छीमारांचं गाव. नवरा बोईसरच्या एका कारखान्यात फिटर. माहेर पालघरचं. जात तीच, पण माझे वडील कचेरीत शिपाई, त्यामुळे आमच्या घरात मासळी ताटातच यायची, डोक्यावर नाही. मी मॅट्रिक पास. लग्न ठरवताना वडिलांनी एकच अट घातली होती: मुलगी मासळीची पाटी घेऊन बाजारात बसणार नाही. सासूने लगेच मान डोलावली. "माजे हात-पाय चालतात तवर पाटी माजी," ती म्हणाली. वडील खूश झाले. त्या बोलण्यात पळवाट आहे हे त्यांच्या लक्षात आलं नाही, मला मात्र तिथेच टोचलं होतं.

हात-पाय तर असे चालायचे की विचारू नका. पहाटे जेट्टीवर लिलाव घ्यायचा, सकाळच्या एस्टीत पाटी चढवायची, कंडक्टरशी भांडायचं, बोईसरच्या बाजारात दुपारपर्यंत बसायचं. कारखान्यांतले भय्ये तिचं ठरलेलं गिऱ्हाईक. त्यांच्याशी ती तिची हिंदी बोलायची, "लेना हाय तो लेव, नय तो रस्ता नाप!" आणि ते बिचारे मुकाट्याने घ्यायचे. घरी आली की तीच जीभ माझ्यावर. मला ती 'मडम' म्हणायची. "मडम, नाकाला पदर काय लावलास, बोंबलाला घान येते तुज्या?" पहिल्या खेपेला मला दिवस होते, वासाने आतडी पिळवटून यायची, तेव्हा हिने मुद्दाम टोपलीभर मांदेली माझ्यासमोर ओतली आणि साफ करायला बसवलं. मी ओकत होते आणि ती शेजारणींना हाका मारून दाखवत होती. ते मी विसरले नाही. विसरायचं नाही असं ठरवूनच ठेवलं होतं.

मग एका पावसाळ्यात, होड्या बंद असतानाच्या दिवसांत, जेवता जेवता तिचा घास अडकला. काटाच असणार, दुसरं काय! आमच्याकडे काटा अडकला की भाताचा कोरडा गोळा न चावता गिळायचा, तो काट्याला घेऊन खाली जातो. मी गोळा करून दिला. तिने गिळला आणि डोळे पांढरे करून दारात जाऊन सगळं बाहेर काढलं. काटा काही दिसला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग आठवडाभर. "भाकरी उतरत नाय गो," ती सांगायची आणि दोन बोटं छातीच्या मधोमध टेकवायची. "हितं बसते. पेज जाते, कालवनाचा रस जातो, पानी जाता. भाकरी नाय जात." तिने हे मला इतक्यांदा सांगितलं की मला पाठ झालं होतं. पाठ झालं होतं हे लक्षात ठेवा.

नारळी पौर्णिमा झाली, होड्या पुन्हा लागल्या, बाजार भरायला लागला. एक दिवस ती ओट्यावर बसून म्हणाली, "माज्या अंगात आता जोर नाय. उद्यापासून पाटी तू ने."

झालं! माझं डोकंच सणकलं. म्हणजे हे होतं तर पोटात! पेज जाते, रस जातो, बोलायला तोंड चालतं, मला शिव्या द्यायला दम आहे, फक्त भाकरी जात नाही आणि पाटी उचलत नाही. वा! वडिलांना दिलेला शब्द मोडायचा तर मोड सरळ, हे आजाराचं सोंग कशाला? मी ह्यांना रात्रंदिवस तेच ऐकवायला लागले. हे आईला म्हणायचे, "आई, तू खा ना नीट." मला म्हणायचे, "अगं, आजारी असेल ती." इकडे आड तिकडे विहीर झाली होती त्यांची. शेवटी कारखान्यातल्या कुणीतरी सांगितलं, पालघरला स्टेशनाजवळ एक डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे एक्स-रेचं असं मशीन आहे की माणूस गिळताना आतून दिसतो. फोटो नाही, चालतं-फिरतं दिसतं. घास कुठे जातो, कुठे थांबतो, सगळं.

हे ऐकल्याबरोबर माझ्या जिवात जीव आला. दूध का दूध, पानी का पानी! ह्यांना रजा मिळेना. मीच म्हटलं, "मी नेते आईंना." हे इतके खूश झाले की मला लाजच वाटायला हवी होती. वाटली नाही.

गणपती उठल्यावर दोन दिवसांनी आम्ही निघालो. उपाशीपोटी यायला सांगितलं होतं. एस्टीत ती खिडकीशी बसली. खिडकीतून खाडी दिसायची बंद झाली तशी म्हणाली, "आत बगतात म्हनजे कापतात काय?" मी म्हटलं, "नाही कापत. पण खोटं लगेच कळतं." तिने माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा खिडकीकडे तोंड केलं.

डॉक्टर देशावरचे, पालघरला नवीन. भर दुपारी डोळ्यांवर लालभडक काचांचा चष्मा लावून इकडे तिकडे फिरत होते. सासू माझ्या कानाशी म्हणाली, "डोले आले काय याचे?" मला हसू आलं. नंतर कळलं की तो चष्मा अंधारासाठी असतो. पडद्यावरचा उजेड इतका मंद, की डोळे आधीपासून तयार करून ठेवावे लागतात.

आता आमच्या गावची एक रीत सांगते. डॉक्टरपुढे, तलाठ्यापुढे, मास्तरपुढे न शिकलेल्या बाईने बोलायचं नाही. बरोबर जो शिकलेला असेल त्याने बोलायचं. बाजारात दहा भय्यांना गप्प करणारी माझी सासू डॉक्टरच्या खुर्चीसमोर पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन, मान खाली घालून बसली. आणि देशावरच्या डॉक्टरला तिची बोली तशीही अर्धी कळत नव्हती. त्यांनी विचारलं, "काय त्रास होतो, आजी?" ती पुटपुटली, "भाकरी नाय उतरत, पानी उतरता..." डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. "काय म्हणतात?"

मी एस्टीतच सगळा हिशेब करून ठेवला होता. भाकरी उतरत नाही असं सांगितलं तर डॉक्टर म्हणणार, म्हाताऱ्या माणसाला मऊ द्या, आराम द्या. म्हणजे पाटी माझ्या डोक्यावर. पण पाणीसुद्धा उतरत नाही असं सांगितलं, आणि डॉक्टरांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाणी सरळ खाली जाताना बघितलं, की म्हातारी आपोआप खोटी पडते. मी म्हणाले, "काही म्हणजे काही गिळता येत नाही म्हणतात. पाणीसुद्धा अडकतं."

सासूने मान वर केली. तिला माझी भाषा अख्खी कळत होती. आयुष्यभर तिला ती कळत होतीच की, नाहीतर मडम कुणाला म्हणत होती ती! पण डॉक्टरपुढे सुनेला खोडायचं तर स्वतः बोलावं लागणार, ते तिच्याने झालं नाही. ती परत खाली बघायला लागली.

आम्हाला आतल्या खोलीत नेलं. खिडक्यांना काळे पडदे, दार लावल्यावर स्वतःचा हात दिसत नाही असा अंधार. "डोळे सरावू द्या," म्हणून आम्हा दोघींना एका बाकावर बसवून ठेवलं. पंधरा-वीस मिनिटं बसलो असू. अंधारात ती हळूच म्हणाली, "काय सांगितलास गो त्याला?"

"तुम्ही बोललात तेच," मी म्हटलं.

तिच्या बांगड्या वाजल्या. बहुतेक हात छातीशी नेला असेल. मला काही दिसलं नाही आणि मी विचारलं नाही.

डॉक्टर आले, जाड शिशाचं एप्रन घालून. एकच एप्रन होतं. मला म्हणाले, "तुम्ही माझ्या मागे उभ्या राहा, मी सांगेन ते त्यांना त्यांच्या भाषेत सांगा." तिला एका उभ्या फळीला टेकवून उभं केलं, छातीसमोर पडदा सरकवला, हातात स्टीलचा पेला दिला. पेल्यात खडू कालवल्यासारखं पांढरं औषध. "सांगा त्यांना, एक मोठा घोट घ्यायचा आणि तोंडात धरून ठेवायचा. मी 'गिळा' म्हणेपर्यंत गिळायचं नाही, बोलायचं नाही." मी सांगितलं. तिने घोट घेतला. खटका दाबल्याचा आवाज झाला.

आणि मला माझी सासू आतून दिसली. पडद्यावर हिरवट उजेड, त्यात फासळ्या, आणि मधोमध काळं काहीतरी सारखं उड्या मारत होतं. ते काळीज होतं. फार जोरात चाललं होतं. मी घाबरून एक पाऊल मागे सरले. ती घाबरलेली आहे हे तेव्हाच मला कळायला हवं होतं, कारण कुणाचंही काळीज मी कधी बघितलेलं नसलं तरी एवढी घाई काही बरी नव्हती.

घोट तिच्या तोंडातच होता. डॉक्टरांनी पडद्यावरची नजर न काढता मला विचारलं, "एक सांगा, घट्ट खाल्लं की जास्त अडकतं का? भाकरी, चपाती असं काही? पातळ जातं आणि घट्ट जात नाही, असं आहे का?"

त्यांनी विचारलं होतं. नेमकं तेच विचारलं होतं. तिला बोलता येत नव्हतं, कारण तोंडात घोट होता आणि 'बोलायचं नाही' असं मीच तिला दोन मिनिटांपूर्वी बजावलं होतं. अंधारात तिच्या घशातून 'हूं, हूं' असा आवाज आला. पडद्यावरचं काळीज आणखी जोरात उडायला लागलं. दुसरी कुणी असती तर भचकन थुंकली असती आणि बोलली असती. पण माझी सासू जन्मात पहिल्यांदा कुणाचं ऐकत होती.

"नाही हो डॉक्टर," मी म्हटलं. "तसं काही नाही. सगळ्याचं सारखंच म्हणतात."

"बरं. गिळा म्हणावं."

"गिळा," मी म्हटलं.

बाहेर पांढरं दिसणारं औषध आत काळं दिसत होतं. काळी धार गळ्यातून उतरली, छातीच्या मधोमध आली, जिथे ती दोन बोटं टेकवायची नेमकी तिथे एक पापणी लवेल इतकं थबकली, आणि गेली खाली. मी बघितलं. मी ते थबकणं बघितलं, डॉक्टरांनीही बघितलं असेल, पण पाणीसुद्धा अडकतं म्हणणाऱ्या बाईच्या मानाने ते काहीच नव्हतं. आणखी दोन घोट झाले. "सरळ जातंय की!" ते म्हणाले. "पाणी अडकायचा प्रश्नच नाही. यांना मनाचा त्रास दिसतोय. घरात काही ताणतणाव आहे का?"

मी अंधारात हसले. खरंच हसले.

चिठ्ठीवर त्यांनी इंग्रजीत लिहून दिलं की अडथळा नाही. ती चिठ्ठी मी घरी आल्यावर देवाच्या फळीवर ठेवली, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला काढून दाखवता येईल. आणि दाखवली. शेजारणींना बोलावून दाखवली. एकीलाही वाचता येत नव्हतं, मी वाचून दाखवलं. मांदेलीच्या वेळी ज्या माझ्यावर हसल्या होत्या त्याच आता तिच्यावर हसल्या. एक तर गळा ताणून, डोळे वटारून सासूची नक्कल करून दाखवायला लागली आणि बाकीच्या पोट धरून लोळायच्या. सासू त्यांच्यातच बसलेली असायची. "मडमने सांगितला डाक्तरला," एवढंच एकदा म्हणाली. "हो, सांगितलं मी," मी म्हटलं, "आणि डॉक्टरने बघितलं." सगळ्या पुन्हा हसल्या.

दुसऱ्या दिवसापासून मी पेज बंद केली. निरोगी माणसाला पेज कशाला? ताटात भाकरी आणि सुकटीची चटणी, कोरडी. ती भाकरी कालवणात भिजवायला मागायची, मी म्हणायचे, "डॉक्टरांनी सांगितलंय, सवय मोडायला हवी." असं काही सांगितलं नव्हतं. ती घास चावत बसायची, चावत बसायची, तोंडात पाणी पाणी झालं तरी चावत बसायची. मग उठून मागच्या दारी जायची. एकदा मी मागोमाग गेले तर घास काढून कोंबड्यांना घालत होती. मी तिथूनच ह्यांना हाक मारली, "या, बघा तुमच्या आईची थेरं! अन्न फेकतात!" हे आले. ह्यांना आईवर ओरडायची सवय नव्हती, त्या दिवशी ओरडले. "तपासून आणलं ना तुला? मग काय नाटक लावलंय!" ती म्हणाली, "जात नाय रं बाबा." हे म्हणाले, "चिठ्ठी बघ फळीवर!" तिने फळीकडे बघितलं. तिला काय कळणार होतं त्या कागदातलं!

आणि पाटी? पाटी तीच नेत होती. हात-पाय चालत होते ना! दिवाळी उलटली तरी नेत होती. पाटी अर्धी असायची, तरी एस्टीत चढवताना कंडक्टर खाली उतरून हात द्यायचा, जो आधी तिच्याशी भांडायचा. तिची चोळी ढिली झाली, बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. मला दिसत नव्हतं का? दिसत होतं. पण एकदा खोटी ठरवलेली बाई मी आता कुठल्या तोंडाने खरी ठरवणार? रोज वाटायचं, आज सांगू ह्यांना, की मी डॉक्टरांना चुकीचं सांगितलं. रोज वाटायचं, उद्या. आणि खरं सांगायचं तर काही दिवस तसंही वाटायचं नाही, नुसतं बरं वाटायचं.

पौष संपता संपता ती बाजारातच कोसळली. भय्यांनीच उचलून रिक्षात घातली आणि कारखान्याच्या गेटवर ह्यांना निरोप दिला. तोवर रस जाणंही कमी झालं होतं, पाणी चमच्याने. ह्यांनी रजा काढली आणि आम्ही तिघं पालघरला गेलो. डॉक्टर तेच, लाल चष्मा तोच. त्यांनी मागचं कार्ड काढलं, वाचलं, आणि मग तिच्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा पडला. ह्यांना बाहेर बसवलं. मीही बाहेरच बसणार होते, तर तिने माझं मनगट पकडलं. अंगात काही उरलं नव्हतं, पण पकड पाटी उचलणारीच होती. "ही पायजे," ती डॉक्टरांना स्वतः म्हणाली. डॉक्टरपुढे तिने उच्चारलेलं ते पहिलं स्पष्ट वाक्य.

या वेळी औषध दाट होतं, लापशीसारखं, आणि त्यात बुडवलेला पावाचा एक इवलासा तुकडा. तिने तो एका हाताने तोंडात घेतला, दुसऱ्या हातात माझं मनगट तसंच होतं. डॉक्टरांनी मला काही विचारलं नाही. तिलाच म्हणाले, "गिळा, आजी."

काळा ठिपका खाली आला आणि छातीच्या मधोमध थांबला. थांबला म्हणजे थांबलाच. वरून अन्ननलिका त्याला दाबत होती, दाबून सोडत होती, पुन्हा दाबत होती, पिठाचा गोळा मुठीत दाबावा तशी. ठिपका वर उसळायचा, पुन्हा तिथेच येऊन बसायचा. ती काही मुद्दाम करत नव्हती, कुणाला मुद्दाम करता येईल असं ते नव्हतंच. माणूस झोपेत असला तरी ते आतलं बिचारं काम करतच राहणार. मला वाटलं, रोज मी वाढलेल्या ताटावर बसून ती चावत असायची तेव्हा आत हे चाललेलं असायचं. दोन्ही वेळा. पाच महिने. मी खाली बघायला लागले तशी तिने मनगटाला हिसडा दिला. तिला पडदा दिसत नव्हता, पडद्याच्या मागे होती ती. माझी मान खाली गेलेली तिला कशी कळली, देव जाणे.

डॉक्टरांनी खटका बंद केला. अंधारात कार्डावर बॅटरी धरून ते हळू म्हणाले, "मागच्या वेळी मी विचारलं होतं. मी इथे लिहिलंय. घट्ट पदार्थांचा त्रास नाही, असं सुनेने सांगितलं."

सासूने तोंडातलं उरलेलं औषध पेल्यात थुंकलं.

बाहेर येऊन डॉक्टरांनी ह्यांना सांगितलं की अन्ननलिकेत गाठ आहे, मुंबईला नेऊन बघा, पण पसरलीय, फार आशा ठेवू नका. हे रडायला लागले. मग एकदम म्हणाले, "पण डॉक्टर, मागच्या वेळी तर काही नव्हतं ना?" डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. ते म्हणाले, "मागच्या वेळी दिसलं नाही." आणि आत निघून गेले. मला सांभाळून घेतलं का स्वतःला, कोण जाणे.

मुंबईलाही तेच सांगितलं. घरी आणली. आता पाटी माझ्या डोक्यावर होती, दुपारपर्यंत बाजार आणि परत आले की तिच्या उशाशी. पहिल्याच दिवशी, हे कामावर असताना, मी तिच्या खाटेशी बसून पाय धरले. "आई, ह्यांना सांगू नका," मी म्हटलं. "मला हाकलतील. पोरं लहान आहेत."

मला वाटलं होतं एक तर शिव्या देईल, नाहीतर डोक्यावरून हात फिरवील. दोन्हीपैकी काही केलं नाही. "मी नाय सांगनार," ती म्हणाली. "मी कशाला सांगू? मी मेल्यावर तूच सांग त्याला. तुज्याच तोंडाने."

आणि मग तिने माझ्याशी खेळ सुरू केला. संध्याकाळी हे कामावरून येऊन तिच्याजवळ बसले की ती म्हणायची, "बाबा, तुला एक सांगायचा हाय." हे पुढे वाकायचे. माझ्या हातातलं भांडं तिथेच थांबायचं. ती माझ्याकडे बघायची, चांगली सावकाश, आणि म्हणायची, "नाय, काय नाय. पानी दे." रोज! एक दिवस चुकवला नाही. कधी कधी तर अर्ध्यावर आणायची, "त्या दिवशी अंधारात डाक्तरने इचारला..." इथपर्यंत, आणि खोकला आल्यासारखं करायची. ढोंग ते तिने तेव्हा केलं, आणि इतकं सुरेख केलं की आधीच्या खऱ्याला मी ढोंग म्हणत होते याची मला शरम वाटली. मी चमचा चमचा पाणी पाजायचे. तिचं अंग पुसायचे, केस विंचरायचे, तोंडातून लाळ गळायची ती पदराने टिपायचे. प्रेमाने? छे! भीतीने. तिच्या डोळ्यांतली मजा कमी व्हावी म्हणून. गावाला वाटलं, बघा, सून कशी करते सासूचं! नक्कल करणारी ती शेजारीण येऊन म्हणाली, "पोटची पोर करनार नाय येवडा करते." सासूने ते ऐकलं आणि तोंडाला पदर लावला. ती हसत होती. माझ्याशिवाय कुणाला कळलं नाही.

शिमग्याच्या आठ दिवस आधी तिचा आवाज गेला. नुसते ओठ हलायचे. मी सुटले असं मला वाटलं, देवाशपथ वाटलं. 'सासू मेली ठीक झालं, घरदार हाती आलं' असं म्हणतात ना, मी ती म्हण मनात म्हटलीसुद्धा. होळीच्या दुपारी, गावात ढोल वाजत असताना, ती गेली. शेवटचे सतरा-अठरा दिवस तिच्या पोटात अन्नाचा कण गेला नव्हता. उचलली तेव्हा चार माणसांची गरज नव्हती, चालीरीत म्हणून चौघांनी खांदा दिला. दहाव्याला पिंड ठेवला तर कावळा लगेच उतरला. सगळे म्हणाले, काही इच्छाच राहिली नाही म्हातारीची.

सांगायचं ते अजून माझ्याकडेच आहे. हे आता रिटायर झालेत, कान मंद झालेत, स्वभाव आईवर गेला नाही, मऊच राहिला. गावात कुणाच्या घरी सासू-सुनेचं वाजलं की ते तिथे जाऊन माझं उदाहरण देतात. "आमच्या घरात बघा, हिने माझ्या आईचं केलं." मी शेजारी बसलेली असते. घरी आल्यावर मी ठरवते, आज सांगायचं. ताट वाढते, समोर बसते, "अहो, आईंचं एक सांगायचंय," इथपर्यंत येते. हे भाकरीचा घास मोडून माझ्या ताटात ठेवतात आणि म्हणतात, "आधी जेव गं तू. आईच्या वेळेपासून बघतोय, तुझं खाण्याकडे लक्षच नाही."

मी तो घास खाते. सरळ जातो खाली.